चुलीचा धूर आणि श्रावकाचा विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील भाषण)

 

संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. पाठशाळा, धर्मशाळा, औषधोपचार, शिष्यवृत्ती, जीवदया अशा अनेक मार्गांनी ट्रस्टने अर्धशतक सेवा केली. या सुवर्णमहोत्सवाचे कायमचे स्मरण राहावे म्हणून परिसरातील गरजू कुटुंबांना धूर न करणाऱ्या शेगड्या द्याव्यात, अशी सूचना समाजातील काही भगिनींकडून आली आहे. या सूचनेचे स्वागत झाले, तसे तिच्यावर दोन आक्षेपही घेतले गेले. पहिला आक्षेप धर्माचा : अग्नीचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे हे हिंसादान तर नव्हे? दुसरा आक्षेप व्यवहाराचा : वाटलेल्या शेगड्या वापरल्या जातील, की सहा महिन्यांत माळ्यावर जातील? दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. त्यांची उत्तरे दिल्यावाचून एक रुपयाही खर्च करणे योग्य होणार नाही. आजच्या विवेचनाचा हेतू एवढाच आहे.

धुराचे स्वरूप

शहरात वाढलेल्या पिढीला चूल म्हणजे सहलीच्या दिवशी पिठले-भाकरीसाठी पेटविण्याची हौसेची वस्तू वाटते. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वी समाजातील बहुतेक घरांतही चूलच होती. पहाटे उठून राख काढायची, सरपण झाडून-पुंजून घ्यायचे, फुंकणीने जाळ करायचा आणि पदराने डोळे पुसत संपूर्ण कुटुंबाचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी उरकायचा, हा कित्येक आजी-पणज्यांचा जन्मभराचा नित्यक्रम होता. त्यांच्या खोकल्याला आणि डोळ्यांवरील पडद्याला घरात वय झाल्याचे लक्षण मानले जाई. त्यामागे धूर असू शकेल, असा विचार क्वचितच कोणी केला.

लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते पूर्ण जळतात. न मिळाली तर अर्धवट जळून धूर, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. तीन दगडांच्या उघड्या चुलीत ही अपूर्णता पदोपदी असते. शिवाय निर्माण झालेल्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्याला मिळते. बाकीची आजूबाजूला उधळली जाते. ओल्या काटक्या, पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या असे जे हाती लागेल ते जाळावे लागते, तेथे धूर आणखी वाढतो.

या धुराचे गांभीर्य शास्त्रज्ञांच्या लक्षात येण्यास बराच काळ लागला. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील काही खेड्यांत १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणाऱ्या धुराचे प्रत्यक्ष मोजमाप केले. हवेचे प्रदूषण म्हणजे कारखान्यांच्या चिमण्या आणि मोटारगाड्या, अशी तोपर्यंतची समजूत होती. या मोजमापाने जगातील फार मोठे प्रदूषण स्वयंपाकघरात आहे हे दाखवून दिले. २०२० मध्ये निधन होईपर्यंत या संशोधकाने भारताशी आपले नाते जपले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुराशी निगडित आजारांमुळे जगभरात सुमारे ३२ लाख लोक अकाली मृत्युमुखी पडले. त्यांत पाच वर्षांखालील बालकांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. न्यूमोनिया, दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग ही त्या मृत्यूंची कारणे. जगातील दोनशे कोटींहून अधिक माणसे अशा धुरात आपले अन्न शिजवितात. त्यांतील बहुसंख्य आशिया आणि आफ्रिकेतील विकसनशील देशांत आहेत.

धुराखेरीज आणखी एक संकट आहे, ते जाळाचे. चूल जमिनीलगत असते आणि स्वयंपाक करणारी स्त्री तिच्याजवळ खाली बसते. आज खेड्यापाड्यांत नेसली जाणारी स्वस्त साडी बहुधा कृत्रिम धाग्याची असते. सुती कापड पेटते. कृत्रिम धागा पेटतोच, शिवाय वितळून अंगाला चिकटतो, आणि जखम खोलवर जाते. समारंभात साड्यांचे वाटप करणाऱ्या सर्वच संस्थांनी ती साडी कोणत्या चुलीपुढे नेसली जाणार आहे, याचाही विचार करावयास हवा.

हिंसादानाचा प्रश्न

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. जैन दर्शनाइतका अग्नीचा सूक्ष्म विचार अन्यत्र क्वचितच आढळतो. पृथ्वीकाय, अप्काय, तेउकाय, वायुकाय, वनस्पतिकाय आणि त्रसकाय अशा षट्काय जीवांमध्ये अग्नी स्वतः जीवरूप मानलेला आहे. अग्नी पेटविला की इतर कायांच्या जीवांचीही विराधना होते. म्हणूनच साधू-साध्वी कोणत्याही परिस्थितीत अग्नी पेटवीत नाहीत. श्रावकाच्या अनर्थदंड-विरमण व्रतात हिंसेची साधने दुसऱ्यास देण्याचा निषेध आहे आणि आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अशा साधनांमध्ये अग्नीचाही समावेश आहे. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत कोळसा पाडण्यासारखे अंगारकर्म आणि जंगलतोडीचे वनकर्म त्याज्य ठरविले आहे. तेव्हा शेगडी देणे हे पापाला हातभार लावणे होईल, ही शंका निराधार म्हणता येणार नाही.

तथापि व्रताच्या नावातच उत्तराची दिशा आहे. निषेध आहे तो अनर्थदंडाचा, म्हणजे प्रयोजनावाचून केलेल्या हिंसेचा. गृहस्थाच्या हिंसेचे शास्त्रकारांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार केले आहेत. स्वयंपाकात घडणारी हिंसा आरंभी स्वरूपाची आहे. गृहस्थाला ती पूर्णपणे टाळता येत नाही. ती जयणेने कमीत कमी करावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पाणी गाळून घेणे, धान्य निवडणे, सरपण पुंजणीने झाडणे, चुलीवर चंदरवा बांधणे या सर्व रूढी त्याच जयणेतून जन्मल्या.

ज्या घरात शेगडी द्यावयाची आहे, तेथे अग्नी आजही दोन वेळा पेटतोच आहे. शेगडीमुळे तो नव्याने पेटणार नाही. जे लाकूड पाच किलो जळत होते ते कमी जळेल. जी आग तीन तास धुमसत होती ती लवकर विझेल. सरपणातील किडे, वाळवी, गोवरीतील असंख्य सूक्ष्म जीव, जाळाकडे झेपावणारे पतंग आणि तोडले जाणारे वृक्ष यांची विराधना घटेल. शिवाय धुराने ज्याची हानी होते तो जीव पंचेंद्रिय मनुष्य आहे. त्यांतही गर्भवती माता आणि पाळण्यातील बालक. एकेंद्रिय जीवाच्या विराधनेची चिंता वाहणाऱ्या धर्माने पंचेंद्रिय जीवाच्या गुदमरण्याकडे पाठ फिरवावी, हे जिनशासनाला शोभणारे नाही.

मात्र येथे एक मर्यादा मान्य करावी लागेल. गॅस हाही अग्नीच आहे. शेगडी देऊन अहिंसा साधली, असा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. अधिक हिंसेच्या जागी अल्प हिंसा, एवढेच या कार्याचे शास्त्रीय स्थान. त्यावरील अंतिम मार्गदर्शन अर्थातच गुरुभगवंतांचे.

वाटप म्हणजे वापर नव्हे

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे, कारण त्याच्या बाजूने इतिहास उभा आहे.

भारतात सुधारित चुलीचा विचार स्वातंत्र्याइतकाच जुना आहे. वर्धा येथे महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी असे नाव मिळालेल्या या स्थानासाठी जमनालाल बजाज यांच्यासारख्या व्यापाऱ्याने आपली बाग दिली होती. तेथूनच १९४७ च्या सुमारास मगन चूल पुढे आली. मातीची बांधणी, एका आगीवर एकापेक्षा अधिक भांडी आणि धूर बाहेर नेणारे धुराडे, अशी तिची साधी रचना होती. त्याच काळात हैदराबाद येथे डॉ. एस. पी. राजू यांनीही धूरविरहित चूल विकसित केली. म्हणजे ज्ञान सुमारे पाऊणशे वर्षांपासून उपलब्ध होते. ते घरोघर मात्र पोहोचले नाही.

पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्याची नोंद झाली. परंतु पाहणी करणाऱ्यांना अनेक ठिकाणी त्या चुली मोडलेल्या किंवा वापराविना पडलेल्या आढळल्या. खर्चाचा मोठा भाग सरकार देत असल्याने बांधणाऱ्याची नजर उद्दिष्टपूर्तीवर राहिली. घरातील भांड्यांचा आकार, भाकरीच्या तव्याची रुंदी, जळणाची जात यांची विचारपूस झाली नाही. धुराडे काजळीने तुंबले की ते साफ कोणी करायचे, हे कोणी सांगितले नाही. एक-दोन वर्षांत माती खचली आणि गृहिणीने पुन्हा आपल्या हाताने तीन दगड मांडले.

याच सुमारास चीनमध्ये १९८२ ते १९९२ या काळात सुमारे १३ कोटी घरांत सुधारित चुली बसल्या. तेथे सर्व प्रदेश एकदम न घेता, ज्या जिल्ह्यांनी तयारी दर्शविली ते निवडले गेले. सरकारी मदत अल्प होती. चुलीच्या खर्चाचा बराचसा भार कुटुंबाने स्वतः उचलला. मुख्य सुटे भाग प्रमाणित पद्धतीने तयार झाले, कारागिरांना प्रशिक्षण मिळाले आणि झालेल्या कामाची तपासणी झाली. स्वतःच्या खिशातून पैसे देणारा ग्राहक वस्तू वाजवून घेतो, आणि वाजवून घेतलेली वस्तू वापरतो. बाजारपेठेतील हे जुने सत्य तेथे सिद्ध झाले.

केनियामध्येही असाच अनुभव आला. तेथील शहरी कुटुंबे त्या काळी बहुधा कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक करीत. तिला 'जिको' म्हणतात. १९८० च्या दशकात पत्र्याच्या शेगडीला आतून भाजलेल्या मातीचे अस्तर देण्यात आले. उष्णता आत टिकू लागली आणि कोळसा कमी लागू लागला. ही शेगडी कोणी फुकट वाटली नाही. लहान कारागिरांनी ती तयार केली, बाजारात विकली, स्पर्धेने किंमत उतरली आणि ती लाखो घरांत पोहोचली. कारण उघड आहे. तेथे कोळसा रोज पैसे देऊन विकत घ्यावा लागे. त्यामुळे झालेली बचत रोज हातात दिसत असे.

जेथे सरपण रानातून गोळा होते, तेथे मात्र हा हिशेब चुकतो. तेथे लाकडाची किंमत रुपयांत नसते, ती स्त्रीच्या पायपिटीत असते. डोक्यावर मोळी घेऊन केलेली दोन-तीन तासांची चाल कोणत्याही खतावणीत नावे पडत नाही. त्यामुळे कर्त्या पुरुषाला नवी शेगडी खर्चाची वाटते आणि जुनी चूल फुकटची. खतावणीत नोंदला न गेलेला खर्च हा खर्चच नव्हे, ही समजूत कोणत्याही व्यवसायाला बुडविते. घरालाही ती तशीच बुडविते.

उज्ज्वला आणि रिकाम्या टाकीचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे दोन तृतीयांश कुटुंबे लाकूड, गोवऱ्या, पिकांचे अवशेष किंवा कोळसा यांवर स्वयंपाक करीत होती. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी देण्याची ही योजना वेगाने पसरली. आठ कोटींचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातच, तत्कालीन औरंगाबाद येथील समारंभात पूर्ण झाला. पुढे ही संख्या १० कोटींच्या वर गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ४४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ५९ टक्के झाले. स्वातंत्र्यानंतरच्या प्रयत्नांत हे यश निर्विवाद मोठे आहे.

या यशात सधन कुटुंबांचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये. २०१५ मध्ये गॅसवरील अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन झाले आणि वर्षभरात एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. ज्याची गरज नाही ते न घेणे हा अपरिग्रहाचा पहिला पाठ. तो राष्ट्रीय पातळीवर गिरविला गेला, ही जैन समाजाला विशेष आनंदाची गोष्ट आहे.

तरीही प्रश्न संपलेला नाही. केवळ गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबाला १४.२ किलोच्या साधारण आठ-नऊ टाक्या वर्षाला लागतात. उज्ज्वला योजनेतील कुटुंबांनी २०१९-२० मध्ये सरासरी सुमारे तीन टाक्या भरून घेतल्या. २०२२-२३ मध्ये हे प्रमाण पावणेचारच्या आसपास होते. म्हणजे गॅस घरात आला, पण चूल गेली नाही. चहा, पाहुण्यांचा स्वयंपाक, पावसाळ्यातील ओल्या सरपणाचे दिवस यांसाठी गॅस. रोजच्या भाकरीसाठी, गुरांच्या आंबोणासाठी आणि बंबातील पाण्यासाठी चूल.

याचे कारण अज्ञानात शोधण्यापेक्षा रोखीच्या ओढाताणीत शोधावे. मजुरी करणारे कुटुंब दररोज वीस-पंचवीस रुपये जळणासाठी बाजूला काढू शकेल, परंतु टाकीसाठी आठशे-हजार रुपये एकरकमी काढणे त्याला जड जाते. २०२२ मध्ये टाकीची किंमत हजार रुपयांच्या पुढे गेली. त्या वर्षी उज्ज्वलेच्या ग्राहकांना प्रत्येक टाकीमागे २०० रुपये अनुदान सुरू झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० रुपये करण्यात आले. परंतु अनुदान नंतर खात्यात जमा होते, दाम आधी मोजावे लागतात. गरिबाची अडचण किमतीइतकीच वेळेचीही असते.

इंडोनेशियाने ही अडचण वेगळ्या रीतीने हाताळली. २००७ पासून तेथे रॉकेलऐवजी गॅस देण्याची मोहीम झाली आणि पाच कोटींहून अधिक कुटुंबांना शेगडीसह अवघ्या तीन किलोची टाकी देण्यात आली. ती गल्लीतील छोट्या दुकानातही मिळू लागली. लहान गिऱ्हाइकाला लहान माप हवे, हे प्रत्येक किरकोळ दुकानदार जाणतो. भारतातही पाच किलोच्या टाकीचा पर्याय आहे. त्याची माहिती मात्र फार थोड्यांना आहे.

विज्ञानाने दिलेला नम्रतेचा पाठ

केवळ शेगडी बदलली की आरोग्य सुधारते, असेही मानता येत नाही. आफ्रिकेतील मलावी देशात दहा हजारांहून अधिक बालकांचा अभ्यास झाला. त्यांच्या घरी पंख्याच्या सुधारित शेगड्या दिल्या होत्या. परंतु २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा न्यूमोनियाच्या प्रमाणात घट आढळली नाही. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांतील सुमारे ३२०० कुटुंबांपैकी निम्म्यांना गॅस आणि इंधन मोफत पुरवून मोठी चाचणी करण्यात आली. भारतातील तिचे क्षेत्र तामिळनाडूत होते. गॅस मिळालेल्या कुटुंबांतील स्त्रियांच्या श्वासात जाणारे प्रदूषण बरेच घटले. तथापि नवजात बालकांच्या वजनात किंवा बालकांच्या तीव्र न्यूमोनियात ठळक फरक दिसला नाही.

याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नव्हे. शेजारच्या दहा घरांतून निघणारा धूर अकराव्या घरात शिरतो, कचरा जाळला जातो, बाहेरची हवाही दूषित असते. कुपोषण, अस्वच्छ पाणी, दाटीवाटीची वस्ती यांचाही रोगात वाटा असतो. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक म्हणजे विखुरलेल्या दोनशे घरांपेक्षा एका वस्तीतील सर्व घरे घ्यावीत. दुसरी म्हणजे न झालेल्या लाभाची जाहिरात करू नये. सत्याणुव्रत दानालाही लागू आहे.

काय करता येईल

या सर्व विवेचनावरून ट्रस्टपुढे काही विचार नम्रपणे ठेवावेसे वाटतात.

पहिला विचार हा की आरंभ जवळून व्हावा. दुकानातील नोकर, गोदामातील हमाल, धर्मशाळेतील स्वयंपाकी, पाठशाळेतील सेविका यांच्या घरी कोणती चूल आहे, याची चौकशी प्रथम करावी. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्ही मार्गांनी कर्मबंध होतो, हे प्रत्येक श्रावकाला लहानपणापासून शिकविले जाते. ज्यांच्या श्रमावर पेढी चालते त्यांच्या घरातील धुराविषयी उदासीन राहणे, हेही एक प्रकारचे अनुमोदनच होय.

दुसरा, निवड घरातील स्त्रीला करू द्यावी. जेथे गॅसची एजन्सी जवळ आहे तेथे गॅस. जेथे चार-पाच गुरे आणि पाण्याची सोय आहे तेथे गोबरगॅस. जेथे यांपैकी काहीच शक्य नाही तेथे धुराड्याची चांगली चूल आणि कोरडे सरपण ठेवण्यासाठी छप्पर. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातील टाकाऊ अन्नापासून चालणारे लहान बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि २००६ मध्ये त्यास ॲश्डेन हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धर्मशाळेच्या भोजनगृहासाठी असे संयंत्र अवश्य विचारात घ्यावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या समाजाला सूर्यचुलीचे वावडे असण्याचे तर काहीच कारण नाही. वरण-भात दिवसाच शिजवायचा असेल, तर आकाशातील सूर्याचा विनामूल्य उपयोग व्हावा.

तिसरा, संपूर्ण रक्कम खरेदीत घालू नये. दोनशे शेगड्यांऐवजी पन्नासच द्याव्यात आणि उरलेली रक्कम दुरुस्ती, धुराडे-सफाई व पाठपुरावा यांसाठी राखून ठेवावी. माल विकून पाठ फिरविणारा व्यापारी टिकत नाही. दान देऊन पाठ फिरविणारी संस्थाही लोकांच्या मनात टिकत नाही. लाभार्थ्याकडून अल्प का होईना, काही रक्कम घ्यावी. त्यामुळे त्याचा स्वाभिमान राखला जाईल आणि वस्तूविषयी ममत्वही निर्माण होईल.

चौथा, टाकीसाठी भिशी सुरू करावी. भिशी समाजातील भगिनींना नवी नाही. वस्तीतील दहा-बारा स्त्रियांनी दर आठवड्याला ठरावीक लहान रक्कम जमा करावी, आणि ज्या घरची टाकी संपेल तिला त्यातून पैसे मिळावेत. ट्रस्टने सुरुवातीचे भांडवल बिनव्याजी द्यावे. ते फिरत राहील. एका टाकीच्या दानापेक्षा फिरत्या भांडवलाचे दान अधिक काळ पुरते.

पाचवा आणि शेवटचा, वर्षभराने मोजदाद व्हावी. ती वाटपाच्या छायाचित्रांवरून करू नये. किती टाक्या पुन्हा भरल्या गेल्या, किती चुली विझल्या, किती धुराडी साफ आहेत आणि किती शेगड्या माळ्यावर गेल्या, हे घरोघर जाऊन पाहावे आणि जसे आढळेल तसे वार्षिक अहवालात छापावे. अपयश आले तर तेही छापावे. सांवत्सरिक प्रतिक्रमणात श्रावक आपल्या दोषांची आलोचना करतो. संस्थेनेही आपल्या दानाची आलोचना का करू नये?

बंधुभगिनींनो, ज्या पिढीने पन्नास वर्षांपूर्वी या ट्रस्टची स्थापना केली, त्या पिढीतील माता-भगिनी चुलीपुढे बसूनच साधर्मिकांच्या पंगती वाढीत होत्या. कोनशिलेवर त्यांची नावे कोरलेली नाहीत. देणगीदारांच्या यादीतही ती क्वचितच सापडतील. त्यांच्या डोळ्यांतील पाणी पुसण्याची संधी निघून गेली आहे. परंतु आजही कुठल्या तरी वस्तीत पहाटे फुंकणी उचलणाऱ्या स्त्रीचे डोळे तसेच चुरचुरत आहेत आणि तिच्या मांडीवरचे बाळ तोच धूर श्वासात घेत आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांतील पन्नास घरे जरी खऱ्या अर्थाने धूरमुक्त झाली आणि पुढेही तशीच राहिली, तर ते त्या अनाम श्राविकांचे उचित स्मरण ठरेल.

विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध काही उच्चारले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!